पन्नासावी गोगलगाय

समुद्री जिवांच्या त्या संस्थेत बाईंना सगळे चिमटाबाई म्हणत. खरं तर चिमट्याला बाईंनी एकतीस वर्षांत हात लावला नव्हता. दीड मिलिमीटरची गोगलगाय चिमट्यात धरली की तिचा चुरा होतो, हे त्यांना नोकरीच्या पहिल्याच दिवशी तीन शंख फोडून कळलं होतं. तेव्हापासून त्या ब्रशनं काम करत. चित्रकार वापरतात तसला बारीक ब्रश, त्याचेही केस उपटून चार ठेवलेले. केस ओले करायचे, शंखाच्या पाठीला हलकेच टेकवायचे, की शंख लाडात आल्यासारखा चिकटून वर येतो. पण हे टोपणनाव ज्या जुन्या संचालकांनी ठेवलं ते बाईंच्या खोलीत कधी उतरलेच नव्हते, त्यामुळे त्यांना चिमटा काय आणि ब्रश काय, सगळं सारखंच.

खोली तळमजल्यावर, जनरेटरच्या मागे. खिडक्या दोन, त्यातली एक रंगानं चिकटलेली. टेबलावर सूक्ष्मदर्शक, त्याच्या डाव्या भिंगात एक ढगाळ ठिपका, आणि त्या ठिपक्याला चुकवून बघण्यासाठी मान किंचित तिरकी धरायची बाईंना झालेली सवय. पाणबुडे समुद्राच्या तळातून वाळूच्या बरण्या आणून देत. वाळू धुवायची, वाळवायची, चाळायची आणि मग एकेक चमचा काळ्या बशीत पसरून भिंगाखाली निवडायची. घरी तांदूळ निवडतात तसंच, फक्त इथे खडे ठेवायचे आणि तांदूळ टाकून द्यायचे. साध्या डोळ्याला चिमूटभर मीठ सांडल्यासारखं दिसतं. भिंगाखाली तेच मीठ म्हणजे मनोरे, भोवरे, पगड्या, पेढीवरच्या घड्या घातलेल्या कापडासारखे पीळ. एका चमच्यात कधी दोनशे शंख निघत, कधी एकही नाही. बाईंनी असे किती चमचे उपसले याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता, आणि विचारलाही नव्हता.

बाईंनी वेगळं काढलेलं वर जाई. वर म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, जिथे वातानुकूलित खोल्या होत्या आणि शास्त्रज्ञ होते. ते फोटो काढत, मापं घेत, आणि जात नवी निघाली की तिला लॅटिन नाव देत. नाव द्यायचा मान लेख लिहिणाऱ्याचा. ज्याचं नाव द्यायचं त्याच्या आडनावाला एक लॅटिन शेपूट जोडायचं, की झाला माणूस अमर. स्वतःचं नाव स्वतःच द्यायचं नाही असा या धंद्यात शिष्टाचार आहे. म्हणून दोन शास्त्रज्ञ एकमेकांची नावं देतात आणि फिट्टंफाट करतात. संस्थेत असं दोन पिढ्या चाललं होतं. संचालकांच्या गुरूंची गोगलगाय होती, गुरूंच्या पत्नीची होती, खात्याच्या सचिवांची होती, वातानुकूलन यंत्रं बसवून देणाऱ्या कंपनीची होती, आणि एका माजी अध्यक्षांच्या वारलेल्या कुत्र्याचीही होती. कुत्रा कधी समुद्रकाठी गेला होता की नाही याची नोंद लेखात नाही.

यातल्या जवळजवळ सगळ्या गोगलगाई पहिल्यांदा पाहिल्या होत्या चिमटाबाईंनी. दर वेळी संचालक म्हणत, "बाई, पुढची तुमची." संचालक बदलले, वाक्य तेच राहिलं. नवे संचालक जुन्यांकडून किल्ल्या घेत तसं हे वाक्यही घेत असावेत.

बाईंना मनातून ते हवं होतं. फार हवं होतं, आणि त्याची त्यांना लाजही वाटत नसे. पोटी मूल नव्हतं. सासरच्या प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक बारशात कुणी ना कुणी सुस्कारा टाकून "नाव कोण चालवणार आता?" असं म्हणून घ्यायचंच, जणू काही यांच्या घराण्याचं नाव म्हणजे एखादं बंद पडलेलं यंत्र. नवरा शिंपी होता, भला माणूस, तो अशा वेळी उठून बाहेर जायचा. बाईंना उठून जाता यायचं नाही, कारण त्यांच्या हातात बहुधा वाढपाचं भांडं असायचं. अशा एका लग्नात वाढता वाढताच त्यांच्या डोक्यात आलं होतं, की गोगलगाईला दिलेलं नाव कुणी चालवावं लागत नाही. ते आपलं आपण चालतं.

संस्थेला पन्नास वर्षं पूर्ण झाली त्याच महिन्यात बाई निवृत्त होणार होत्या. संचालकांनी ठरवलं, पन्नास वर्षं म्हणून पन्नास नव्या गोगलगाई, एकाच जाडजूड ग्रंथात, रंगीत चित्रांसह. शास्त्र असं गोल आकड्यांत चालत नाही, पण समारंभ चालतो. दोन वर्षं वरच्या मजल्यावर नुसती धावपळ होती. "बाई, लहान लहान पाठवा, स्वच्छ, न फुटलेले," असे निरोप यायचे. मोठे शंख झिजलेले असतात, त्यांचे फोटो चांगले येत नाहीत. बाई लहान लहान पाठवत राहिल्या.

पन्नासपैकी सातवी गोगलगाय अध्यक्षांची. अध्यक्षांचा कारखाना जहाजांच्या तळाला लावायचा रंग बनवत असे. या रंगाचं वैशिष्ट्य असं, की तो लावला की तळाला शंख-शिंपले चिकटत नाहीत आणि चिकटलेच तर जगत नाहीत. अशा माणसाच्या देणगीवर शंखांची संस्था चालावी यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. निमंत्रणपत्रिकेत तर "सागरी जीवसृष्टीशी अध्यक्षांचं प्रदीर्घ नातं" असं छापलं होतं, आणि ते खोटं म्हणता येत नाही.

एके दुपारी संचालक स्वतः तळमजल्यावर उतरले. जनरेटरच्या पाइपाला डोकं आपटू नये म्हणून वाकले, तरी आपटलं.

"बाई," कपाळ चोळत ते म्हणाले, "पन्नासावी तुमची."

बाईंना वाटलं नेहमीचंच. "पुढच्या खेपेला बघू, साहेब," त्या हसून म्हणाल्या.

"पुढची नाही हो. हीच. ती तपकिरी, खळग्या-खळग्यांची. नाव घातलंय. प्रूफ गेलंय छापखान्यात."

पन्नासावी खरं तर बँकेच्या मॅनेजरसाठी राखून ठेवली होती. त्यांची बदली झाली आणि नव्या मॅनेजरांनी रस दाखवला नाही. हे बाईंना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्या दिवशी त्यांना ते ऐकू आलं नसतं. त्यांना आकाश ठेंगणं झालं होतं. घरी जाताना बसमध्ये उभ्याच राहिल्या आणि दोन थांबे पुढे जाऊन उतरल्या.

नवऱ्यानं बातमी ऐकली, टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला आणि तडक न्हाव्याकडे गेला. तिथून औषधाच्या दुकानात. संध्याकाळपर्यंत गल्लीत एकही माणूस असा उरला नाही ज्याला गोगलगाय माहीत नव्हती. थोरल्या जाऊबाईंना बातमी लागायला वेळ लागला नाही. त्या आल्या, खुर्ची ओढून बसल्या.

"गोगलगाईला नाव?" त्या म्हणाल्या. "अगं, माणसांची नावं रस्त्यांना देतात, पुलांना देतात. गोगलगाय कुणाला दिसणार आहे? आणि तुम्ही म्हणता ती तर राईएवढीसुद्धा नाही."

"दिसण्यासाठी नसतंच ते, ताई. पण कायमचं असतं. शंभर वर्षांनी परक्या मुलखात बसून कुणी हा शंख बघितला, तरी त्याला माझंच नाव घ्यावं लागेल. दुसरं नावच नाही तिला."

जाऊबाईंनी उठून खुर्ची जागेवर सरकवली. मग जाता जाता दारात थांबून म्हणाल्या, "मलाही एखादी बघ हो. लहान चालेल."

आता चूक कुठे झाली ते सांगायला हवं, कारण ही चूक फक्त याच धंद्यातली माणसं करू शकतात.

समारंभाला महिना उरला होता. पन्नासही गोगलगाई काचेच्या पेटीत मांडायचं काम बाईंकडे आलं. पन्नासावी त्यांनी सगळ्यांत शेवटी उघडली, मुद्दाम. आठ महिन्यांपूर्वी वाळूतून त्यांनीच ती उचलली होती, पण तेव्हा ती एक दाणा होती, पुढच्या दाण्याची घाई होती. आता आपल्या नावाची गोगलगाय नीट डोळे भरून बघावी म्हणून त्यांनी तिला भिंगाखाली घेतली, दिवा जवळ ओढला आणि मान तिरकी केली.

तपकिरी होती. पिळांवर खळग्यांच्या ओळी, शेवटच्या पिळाला धारदार कड. दिसायला काही फार देखणी नव्हती, पण बाईंना आवडली. मग त्यांची नजर टोकावर गेली.

गोगलगाय वाढते ती तोंडाकडून. रोज थोडं थोडं घर पुढे बांधत जाते. टोक मात्र जन्माचं असतं, अंड्यातून बाहेर येतानाचं, आणि त्यात पुढे काहीही बदल होत नाही. या गोगलगाईचं टोक म्हणजे एका बाजूला कललेला मणी होता, त्यावर बारीक दोऱ्यांसारख्या पाच रेघा. हा कललेला मणी बाईंनी कुठेतरी पाहिला होता.

तीन दिवस त्यांना ते आठवेना. भाजी चिरताना आठवून बघायच्या, बसच्या रांगेत आठवून बघायच्या. चौथ्या दिवशी कोपऱ्यातल्या मोठ्या बरणीवरची धूळ पुसताना एकदम आठवलं. त्या बरणीवर "कचरा" अशी चिठ्ठी होती. त्या किनाऱ्यावर सगळ्यांत जास्त सापडणारी गोगलगाय तीच. पांढरी, गुळगुळीत, गुबगुबीत, जाड ओठांची, पाच मिलिमीटरची. इतकी सापडे की वरचे लोक ती पाठवू नका म्हणायचे. एकशे चाळीस वर्षांपूर्वी कुणी बोटीवरच्या डॉक्टरानं तिला नाव दिलं होतं, तेव्हापासून तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. ती लाटांत दगडांखाली राहते, त्यामुळे मोठी होईतो तिचं टोक घासून सपाट झालेलं असतं. टोक शाबूत असलेली मोठी गोगलगाय कुणी शोधलीच नव्हती. कचऱ्यात कशाला शोधेल कुणी?

बाईंनी शोधली. बरणी उपडी केली आणि सहाशेच्या वर शंख एकेक करून पाहिले. तीन सापडले, टोक शाबूत असलेले. तिघांच्याही टोकाला तोच कललेला मणी, त्याच पाच रेघा.

तरीही त्यांनी आशा सोडली नाही. योगायोग असेल. त्यांनी बारीक चाळणीतले शंख काढले, मधल्या चाळणीतले काढले, आणि काळ्या पट्टीवर डिंकानं एक रांग लावली, लहानापासून मोठ्यापर्यंत, तेवीस शंख. बाळपणीचा फोटो आणि म्हातारपणीचा फोटो शेजारी ठेवले तर दोन वेगळी माणसं वाटतात; मधले सगळे फोटो लावले की एकच माणूस. रांगेत तसंच झालं. खळग्या विरळ होत गेल्या, धार बोथट होत गेली, तपकिरी रंग फिका पडला, ओठ जाड झाला. तिसऱ्या जागी पन्नासावी अशी बसली की जणू तिच्यासाठीच ती जागा सोडली होती. आणि सहज म्हणून त्यांनी पेटीतली सातवीही आणून बघितली. अध्यक्षांची. ती दहाव्या शंखाशी तंतोतंत जुळली. अध्यक्षांची गोगलगाय म्हणजे बाईंच्या गोगलगाईची चार महिन्यांनी मोठी बहीण होती, आणि दोघी मिळून कचऱ्याची पिल्लं.

बाई रडल्या. भिंगावर पाणी सांडलं ते त्यांनी आधी पुसलं, मग डोळे पुसले, आणि पुन्हा एकदा बघितलं. रांग तशीच होती.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो एका कोटाची बाही उसवत बसला होता.

"कुणाला कळणार आहे गं?" तो म्हणाला. "तूच म्हणतेस, तुझ्याशिवाय तो कचरा कुणी बघत नाही."

"आज नाही कळणार. पण माझ्या खुर्चीवर कुणीतरी बसेलच ना? दहा वर्षांनी तिला कळेल. ती म्हणेल, ही कोण बया, एकतीस वर्षं गोगलगाई निवडल्या आणि साधं पिल्लू ओळखता आलं नाही हिला? आणि त्या पिल्लाला हिचंच नाव?"

नवऱ्यानं दोन टाके उसवले. "चुकीच्या मापाचा कोट मी कधी गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवला नाही, हे खरं," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं अगदी हळू आवाजात, "पण न्हाव्याला काय सांगू मी?"

दुसऱ्या दिवशी बाई पट्टी घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेल्या.

संचालकांनी पट्टीकडे पाहिलंच नाही. बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं, म्हणजे त्यांना वाटलं तसं.

"आवडली नाही का?" ते म्हणाले. "मलाही वाटलंच होतं. तपकिरी जरा उदासच आहे. असं करा, एकतीस नंबर घ्या. गुलाबी आहे, पट्ट्यापट्ट्यांची. विमा कंपनीला तपकिरी देऊ, त्यांना काय कळतंय! आज सांगितलंत तर बदलून देता येईल."

"तसं नाही साहेब. ही नवी जातच नाही. पिल्लू आहे." आणि बाईंनी टोक, मणी, रेघा, रांग, सगळं समजावून सांगितलं. एकतीस वर्षांत त्या साहेबांपुढे एवढं कधी बोलल्या नव्हत्या.

संचालक मूर्ख नव्हते. पूर्वी ते खरोखरच शास्त्रज्ञ होते. त्यांनी भिंगातून रांग पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यातून एक जुना, तरुण माणूस क्षणभर डोकावून गेला. मग त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं आणि तो माणूस निघून गेला.

"पण मग एकोणपन्नासच होतात," ते म्हणाले. "फलक रंगवून झालाय, बाई. 'पन्नास वर्षं, पन्नास जाती.' एकोणपन्नास कसं वाटेल?"

"एक खरी आहे माझ्याकडे," बाई म्हणाल्या.

ती त्यांनी वर्षभर ड्रॉवरमध्ये जपून ठेवली होती. खोल पाण्यातली, काचेसारखी पारदर्शक, उभी, सुईसारखी. एकूण नऊ शंख. लहान, मोठे, मधले, सगळ्या वयांचे. आणखी थोडे सापडले की वर पाठवू असं त्यांनी ठरवलं होतं. ही नवी होती याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. आणि आता ती देताना, एक सोडून दुसरी मिळेल, खोटी जाऊन खरी येईल, अशी आशा त्यांच्या मनात होती. का नसावी?

संचालकांनी ती पाहिली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "वा! सुंदर! काय नाजूक आहे!" त्यांनी टेबलावर बोटं वाजवली. "जावईबापू!"

"काय?"

"अध्यक्षांचे जावई हो. पुढच्या वर्षीपासून कारखाना तेच बघणार. मी किती दिवस विचार करत होतो, त्यांना कुठे बसवावं. आणि तुमचं, बाई, पुढच्या ग्रंथात. अगदी पहिलं. एक नंबर."

पुढचा ग्रंथ संस्थेला पंच्याहत्तर वर्षं झाली की निघायचा होता. तेव्हा बाई त्र्याऐंशी वर्षांच्या होणार होत्या. त्यांना वाईट वाटलं. इतकं, की काही क्षण त्यांना जिन्याचा कठडा धरून उभं राहावंसं वाटलं, पण त्या अजून साहेबांच्या खोलीतच होत्या. म्हणून त्यांनी कामाचं उरलेलं तेवढं बोलून टाकलं.

"साहेब, सातवीही त्यातलीच आहे. दहाव्या जागी बघा."

"सातवी बघायची नाही," संचालक झटकन म्हणाले. "तुम्ही मला काही सांगितलं नाही, मी काही ऐकलं नाही." आणि त्यांनी पट्टी अगदी अदबीनं बाईंच्या हातात परत दिली.

बाई खाली आल्या. नवऱ्यानं न्हाव्याला काय सांगितलं ते कळलं नाही, पण तो महिनाभर वाढलेल्या केसांनी फिरत होता.

समारंभाच्या दिवशी सभागृहात पडदा लावला होता, काचेची पेटी मधोमध होती, आणि एका कोपऱ्यात बाईंना त्यांच्या सूक्ष्मदर्शकासकट बसवलं होतं, पाहुण्यांना गोगलगाई दाखवायला. बाईंच्या पिशवीत काळी पट्टी होती. ती त्यांनी दाखवायला आणली नव्हती. ती खोलीत ठेवून जायची त्यांना भीती वाटत होती, एवढंच. सफाई करणारी मंडळी "कचरा" लिहिलेलं सगळंच उचलत.

ग्रंथाचं प्रकाशन झालं. अध्यक्ष बोलले, समुद्र किती मोठा आहे यावर. जावईबापूंचा सत्कार झाला. बाईंना निवृत्तीनिमित्त भिंतीवरचं घड्याळ देण्यात आलं, आणि एक मुलगा फोटो काढेपर्यंत त्यांनी ते छातीशी धरून ठेवलं. मग मंडळी व्यासपीठावरून खाली उतरून गोगलगाई बघायला आली. जावईबापूंनी एक डोळा मिटून दुसऱ्यानं भिंगाच्या कडेतून पाहिलं, त्यांना बहुतेक स्वतःच्या पापण्या दिसल्या. "छान," ते म्हणाले.

अध्यक्ष फार खुशीत होते. ध्वनिक्षेपक अजून त्यांच्या हातातच होता, तो खाली ठेवायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"एकतीस वर्षं, बाई!" त्यांचा आवाज सभागृहभर गेला. "मग या पन्नासात तुमच्या नावाची कुठली?"

"कुठलीच नाही, साहेब."

"असं कसं?" अध्यक्षांनी संचालकांकडे पाहिलं.

"होती, होती," संचालक पुढे सरसावले. "पन्नासावी त्यांचीच होती. पण बाई अत्यंत विनयशील. स्वतः होऊन म्हणाल्या, माझं नाव नको."

टाळ्या पडल्या. कुणीतरी "वा!" म्हणालं. बाईंना घड्याळ चाललं असतं, भाषण चाललं असतं, जावईबापूंचं नावसुद्धा त्यांनी एव्हाना गिळलं होतं. पण विनय? मला माझं नाव नको? त्यांच्या कानशिलात रक्त उसळलं.

"विनय नाही," त्या म्हणाल्या. अध्यक्षांनी सवयीनं ध्वनिक्षेपक त्यांच्यापुढे धरला, त्यामुळे पुढचं सगळ्यांनी ऐकलं. "मला नाव हवं होतं. फार हवं होतं. पण ती गोगलगाय खोटी निघाली. दुसऱ्याच जातीचं पिल्लू होतं. मीच शोधून काढलं, मग मीच काढून टाकली."

अध्यक्षांना हा विनोद वाटला. ते मोठ्यानं हसले.

"बघा! केवढी कडक परीक्षा! आमची सातवी तरी खरी आहे ना, बाई?"

संचालक डोळ्यांनी बाईंना काहीतरी सांगत होते. बाईंना ते सगळं समजत होतं. त्यांनी पिशवीतून काळी पट्टी काढली, भिंगाखाली सरकवली आणि बसल्या जागेवरून उठल्या.

"बसा साहेब. दोन्ही डोळे उघडे ठेवा. मान थोडी तिरकी करा, तिथे ठिपका आहे. आता डावीकडून उजवीकडे बघत जा. तिसरी माझी. दहावी तुमची."

अध्यक्ष बसले. त्यांनी एकदा पाहिलं, भिंग नीट करायला सांगितलं, पुन्हा पाहिलं. रंगाच्या शंभर छटा रोज पारखणारा माणूस होता तो; त्याला तेवीस शंखांची रांग कळायला वेळ लागला नाही.

"एकच आहेत सगळ्या," ते पुटपुटले.

"एकच. बोटीवरचा एक डॉक्टर एकशे चाळीस वर्षांपूर्वी हिला नाव देऊन गेलाय. पहिलं नाव असतं तेच चालतं."

अध्यक्ष उठले. त्यांच्या मानेवर लाल डाग उमटले होते. ग्रंथ त्यांनी काखेत घट्ट धरला होता. "पण छापून झालंय," ते म्हणाले. "राहू दे की नाव. एवढीशी तर आहे."

"राहत नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "माझंही नाही राहिलं."

संचालक छताकडे पाहत होते. तेवढ्यात जावईबापू मागून पुढे आले, त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच गोगलगाईंविषयी खरी काळजी दिसत होती.

"आणि माझी?" त्यांनी विचारलं.

बाईंनी काचेच्या पेटीकडे पाहिलं. पन्नासाव्या चौकोनात ती उभी होती, काचेसारखी, सुईसारखी. तिला त्यांनी वर्षभर ड्रॉवरमध्ये जपलं होतं, आणि तिच्याखाली आता या माणसाचं नाव होतं. खोटं बोलायला एक शब्द पुरला असता, आणि त्या घटकेला तो सगळ्यांनी खराही मानला असता.

"तुमची खरी आहे," बाई म्हणाल्या, आणि हे सांगताना त्यांचा आवाज मात्र फुटला. "ती कायमची."